संयुक्त क्रियापद (मराठी व्याकरण)

संयुक्त क्रियापद म्हणजे धातुसाधित आणि सहायक क्रियापद यांच्या संयोगाने बनलेले व दोन्ही मिळून एकाच क्रियेचा बोध करून देणारे क्रियापद होय. 'त्याने सगळे देणे फेडून टाकले' या वाक्यात 'फेडून' हे धातुसाधित आणि 'टाकले' हे सहायक क्रियापद आहे. येथे काहीही टाकण्याची क्रिया घडलेली नाही. घडली आहे ती केवळ फेडण्याची क्रिया. 'टाकले' हा शब्द ती क्रिया एकदाची पुरी झाली, तिचा भार उतरला, एवढेच सांगतो. मूळ अर्थ बाजूला ठेवून दुसऱ्या क्रियेला पूर्णता, हेतू, लाभ, अनवधान किंवा पश्चात्ताप यांची छटा देणे हे सहायक क्रियापदाचे कार्य आहे. इंग्रजीत अशाच स्वरूपाचे बरेचसे कार्य क्रियापदानंतर येणारे 'अप', 'आउट', 'ऑफ', 'ऑन' यांसारखे लहान शब्द करतात. त्या रचनेला 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात.

रचना

संयुक्त क्रियापदाचे दोन घटक असतात.

१. धातुसाधित: मूळ क्रियेचा अर्थ यात असतो. त्याची रूपे निरनिराळी असतात. उदा. 'ऊन'-अंती (खाऊन टाकले), 'ऊ'-अंती (रडू लागले), 'त'-अंती (वाचत राहिली), 'वे'-अंती (जावे लागले).

२. सहायक क्रियापद: काळ, अर्थ, लिंग, वचन व पुरुष यांचे प्रत्यय यालाच लागतात. 'मी लिहून ठेवतो', 'तिने लिहून ठेवले', 'तुम्ही लिहून ठेवा' या वाक्यांत 'लिहून' अविकारी राहते आणि 'ठेवणे' बदलत जाते.

नुसत्या धातुसाधिताने वाक्य पुरे होत नाही. 'त्याने पत्र लिहून' एवढे म्हटल्यावर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहतो. वाक्य पुरे करण्यासाठी येणारा हा शब्दच बहुधा बोलणाऱ्याचा कल उघड करतो.

व्याप्ती

संयुक्त क्रियापदात कशाकशाचा समावेश करावा याविषयी दोन दृष्टी आढळतात. शालेय व्याकरणात 'करत आहे', 'गेला होता', 'जाणार आहे' ही 'असणे'च्या साहाय्याने बनलेली काळवाचक रूपेही संयुक्त क्रियापदांत धरली जातात. भाषाविज्ञानात मात्र या संज्ञेचा अर्थ अधिक मर्यादित आहे. तेथे मुख्यतः 'ऊन'-अंती धातुसाधित आणि अर्थाची छटा देणारे क्रियापद यांची जोडी विचारात घेतली जाते. 'खाऊन टाकणे', 'विसरून जाणे', 'करून बसणे' ही तिची उदाहरणे होत. पुढील विवेचन मुख्यतः या दुसऱ्या प्रकाराला धरून आहे.

मराठी क्रियापदविचाराची परंपरा दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' (१८३६) या ग्रंथापर्यंत मागे जाते. मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' (१९११) आणि कृ. श्री. अर्जुनवाडकर यांचे 'मराठी व्याकरण: वाद आणि प्रवाद' (१९८७) हे त्या परंपरेतील पुढचे महत्त्वाचे ग्रंथ होत.

प्रमुख सहायक क्रियापदे

टाकणे: क्रिया पूर्णपणे आणि निर्णायकपणे उरकली, असा अर्थ. 'जुन्या वह्या जाळून टाकल्या', 'मनातले सांगून टाक'. सुटकेची किंवा विल्हेवाटीची छटा बहुधा असते. कर्ता ही क्रिया जाणूनबुजून करतो, म्हणून 'पाऊस पडून टाकला' असे होत नाही.

जाणे: स्थितीतील बदल किंवा नकळत घडलेली क्रिया. 'पुरात बांध वाहून गेला', 'उन्हाने रोपे वाळून गेली', 'मी तारीख विसरून गेलो'. टाकणे आणि जाणे यांतील मुख्य भेद कर्त्याच्या इच्छेचा आहे.

देणे: दुसऱ्यासाठी केलेली किंवा स्वतःपासून दूर सोडलेली क्रिया. 'आजोबांना अर्ज लिहून दिला', 'त्याने तो नाद सोडून दिला'. 'ऊ'-अंती धातुसाधितानंतर हेच क्रियापद परवानगी दाखवते. उदा. 'त्याला जाऊ दे'.

घेणे: स्वतःसाठी, स्वतःच्या लाभाकरिता केलेली क्रिया. 'पत्ता लिहून घेतला', 'नियम समजून घ्या', 'दुपारी थोडे झोपून घे'. देणे आणि घेणे ही जोडी व्यवहारात किती नेमकी आहे, हे जमिनीच्या दस्तांवरून कळते. मराठी खरेदीखतात विकणाऱ्याला 'लिहून देणार' आणि विकत घेणाऱ्याला 'लिहून घेणार' म्हणतात. कागदावर हाताने कोण लिहितो याचा येथे संबंध नाही. हक्क कोणाकडून कोणाकडे गेला, ते सहायक क्रियापद सांगते.

ठेवणे: पुढच्या उपयोगासाठी किंवा सावधगिरी म्हणून केलेली क्रिया. 'बियाणे राखून ठेवले', 'आधीच सांगून ठेवतो'.

बसणे: अविचाराने घडलेली, नंतर निस्तरणे कठीण अशी क्रिया. 'तो शब्द देऊन बसला', 'ती दागिने हरवून बसली'. बोलणाऱ्याची नापसंती या एका शब्दातून व्यक्त होते. 'रुसून बसणे', 'दडून बसणे' येथे मात्र स्थितीत टिकून राहणे एवढाच अर्थ असतो.

काढणे: कष्टाने, कसोशीने तडीस नेलेली क्रिया. 'चूक शोधून काढली', 'सारा परिसर पिंजून काढला', 'रात्र जागून काढली'.

सोडणे: दुसऱ्यावर झालेला परिणाम टोकाला गेला, असा अर्थ. 'प्रश्नांनी भंडावून सोडले', 'पोराने रडवून सोडले'.

येणे: गोष्ट प्रकट होणे किंवा उमटून वर येणे. 'असे दिसून आले', 'डोळे भरून आले'.

निघणे: क्रियेचा परिणाम सर्वांगावर होणे. 'उन्हात होरपळून निघाले', 'दिव्यांनी अंगण उजळून निघाले'.

पाहणे (बघणे): प्रयत्न किंवा अजमावणे. 'भाजी चाखून पाहा'. 'ऊ'-अंती धातुसाधितासह अर्थ पालटतो. 'पडू पाहणारी भिंत' म्हणजे पडण्याच्या बेतात असलेली भिंत.

लागणे: 'ऊ'-अंती धातुसाधितानंतर आरंभ (मूल रडू लागले), 'वे'-अंती धातुसाधितानंतर सक्ती (मुलाला जावे लागले).

राहणे: क्रियेचे किंवा स्थितीचे सातत्य. 'ती वाचत राहिली', 'तो तसाच बसून राहिला'.

एक धातू, अनेक सहायक

एकाच धातूला निरनिराळी सहायक क्रियापदे जोडली की अर्थ कसा पालटतो, हे 'बोलणे' या क्रियापदावरून स्पष्ट होते.

- बोलून टाकले: मनात साठलेले एकदाचे सांगितले.
- बोलून गेला: बोलण्याचा हेतू नव्हता, शब्द निसटला.
- बोलून बसला: बोलू नये ते बोलला आणि आता अडचणीत आला.
- बोलून दाखवले: मनातला विचार किंवा नाराजी उघड केली.
- बोलून घेतले: संधी साधून आपले म्हणणे मांडले.
- बोलून ठेवले: पुढच्या कामासाठी आधीच शब्द घातला.

सहाही ठिकाणी घडलेली क्रिया बोलण्याचीच आहे. वेगळा आहे तो बोलणाऱ्याचा हेतू आणि सांगणाऱ्याची त्या बोलण्याकडे पाहण्याची दृष्टी.

ओळखण्याच्या कसोट्या

दोन क्रियापदे शेजारी आली म्हणजे संयुक्त क्रियापद झाले, असे नाही. 'तो जेवून गेला' या वाक्यात जेवणे आणि जाणे या दोन क्रिया एकामागून एक घडल्या आहेत. म्हणून 'जेवून' हे केवळ धातुसाधित अव्यय आणि 'गेला' हे मुख्य क्रियापद आहे. 'तो विसरून गेला' येथे मात्र कोणी कोठे गेलेले नाही. हे संयुक्त क्रियापद आहे.

काही वाक्ये दोन्ही प्रकारे लागतात. 'त्याने पत्र लिहून टाकले' याचा अर्थ लिहिण्याचे काम उरकले असा होतो आणि पत्र लिहून पेटीत टाकले असाही होतो. 'तिने भाकरी भाजून ठेवली', 'त्याने पुस्तक वाचून दिले' ही वाक्येही अशीच द्व्यर्थी आहेत. शाळेतील आणि स्पर्धा परीक्षांतील उत्तर संदर्भावाचून चुकते ते अशाच ठिकाणी. निर्णयासाठी पुढील कसोट्या उपयोगी पडतात.

१. क्रियांची मोजणी: प्रत्यक्षात किती क्रिया घडल्या ते पाहावे. दुसऱ्या क्रियापदाचा मूळ अर्थ शिल्लक असेल तर संयुक्त क्रियापद नाही.

२. मध्ये शब्द घालणे: 'लिहून पेटीत टाकले' असे स्थळवाचक पद मध्ये सहज बसले, तर त्या क्रिया दोन आहेत. 'विसरून घरी गेला' असे म्हणताच 'विसरून गेला'चा मूळ अर्थ मोडतो.

३. 'आणि'ची कसोटी: 'जेवला आणि गेला' हे वाक्य त्याच अर्थाने टिकते. 'विसरला आणि गेला' हे टिकत नाही.

४. नकार: साध्या नकारार्थी विधानात सहायक क्रियापद बहुधा गळते. 'तो विसरून गेला' याचा स्वाभाविक नकार 'तो विसरला नाही' असा होतो. 'तो जेवून गेला नाही' हे वाक्य मात्र सहज वापरले जाते, कारण तेथे नकार जाण्याचा किंवा जेवून जाण्याचा आहे. 'भलतेच बोलून बसू नकोस' अशा निषेधार्थी आज्ञेला हा नियम लागू नाही.

प्रयोगावर होणारा परिणाम

वाक्याचा प्रयोग कोणता, हे मूळ धातूपेक्षा सहायक क्रियापदावर अवलंबून असते. 'तिने शब्द दिला' या कर्मणी प्रयोगातील 'दिला' हे रूप 'शब्द' या कर्माप्रमाणे पुल्लिंगी आहे. 'बसणे' हे सहायक अकर्मक असल्याने 'ती शब्द देऊन बसली' असा कर्तरी प्रयोग होतो आणि क्रियापद कर्त्याप्रमाणे चालते. उलट 'तो बोलला' या वाक्यातील कर्त्याला 'ने' प्रत्यय नाही, पण 'टाकणे' सकर्मक असल्याने 'त्याने बोलून टाकले' असे होते. सक्तीच्या अर्थाच्या 'लागणे'मुळे कर्त्याची चतुर्थी होते. उदा. 'तिला जमीन विकावी लागली'. 'शकणे'मुळे 'ने' येत नाही. उदा. 'तो डोंगर चढू शकला'.

इंग्रजी फ्रेजल व्हर्बशी तुलना

क्रियेच्या अर्थाला वळण देण्याचे कार्य निरनिराळ्या भाषा निरनिराळ्या साधनांनी करतात. संस्कृतात ते धातूच्या आधी येणारा उपसर्ग करतो. एकाच 'हृ' धातूपासून प्रहार, आहार, संहार, विहार आणि परिहार हे शब्द बनतात. इंग्रजीत क्रियापदानंतर दिशावाचक लहान शब्द येतो. मराठीत धातुसाधितानंतर दुसरे क्रियापद येते.

इंग्रजी आणि मराठी साधनांत एक महत्त्वाचे साम्य आहे. 'अप', 'डाउन', 'आउट', 'ऑफ' हे शब्द मुळात जागा आणि दिशा दाखवणारे आहेत. जाणे, येणे, बसणे, टाकणे, ठेवणे, काढणे ही क्रियापदेही मुळात शरीराच्या किंवा वस्तूच्या हालचालीची व ठिकाणाची आहेत. दोन्हीकडे हा मूळ अर्थ फिका होऊन त्या जागी पूर्णता, सातत्य असे अर्थ आले आहेत. त्यामुळे द्व्यर्थही दोन्हीकडे आढळतो. 'रॅन अप द हिल' म्हणजे टेकडीवर धावत गेला. येथे 'अप' हे 'हिल'शी निगडित शब्दयोगी आहे. 'रॅन अप अ बिल' म्हणजे उधारी करून ठेवली. येथे 'अप' क्रियापदाशी एकरूप झाले आहे. म्हणून 'रॅन अ बिल अप' असे म्हणता येते, पण 'रॅन द हिल अप' असे म्हणता येत नाही. 'पत्र लिहून टाकले' या वाक्यातील पेच याच जातीचा आहे.

'अप' या शब्दाचा एक मोठा वापर क्रियेची पूर्णता दाखवण्यासाठी होतो. 'ईट अप' म्हणजे खाऊन टाकणे, 'यूज अप' म्हणजे संपवून टाकणे आणि 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. इतर शब्दांनाही मराठीत सहायक क्रियापदांचे प्रतिशब्द मिळतात:

- गिव्ह अवे: देऊन टाकणे
- फाइंड आउट: शोधून काढणे
- राइट डाउन: लिहून घेणे, लिहून ठेवणे
- रन अवे: पळून जाणे
- ब्लर्ट आउट: बोलून जाणे
- ट्राय ऑन: (कपडा) घालून पाहणे
- कीप ऑन: करत राहणे

मात्र हे सरसकट सूत्र नव्हे. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे, 'लुक फॉर' म्हणजे शोधणे, 'कॉल ऑफ' म्हणजे रद्द करणे आणि 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. येथे मराठीत स्वतंत्र क्रियापद किंवा वेगळा शब्दसमूह येतो. 'आफ्टर' म्हणजे 'नंतर' आणि 'अप' म्हणजे 'वर' असे शब्दाला शब्द ठेवून यांपैकी एकही अर्थ हाती लागत नाही. क्रियापद आणि त्याचा जोडशब्द मिळून एक शब्द मानणे, ही दोन्ही भाषांना लागू पडणारी शिस्त आहे.

दोन्ही साधनांत एक भेदही आहे. मराठी सहायक क्रियापद क्रियेचा लाभ कोणाला झाला, ती हेतूने झाली की नकळत आणि सांगणाऱ्याला ती रुचली की नाही, हेही सांगते. 'ही सोल्ड हिज लँड' या साध्या इंग्रजी वाक्याचे भाषांतर 'त्याने जमीन विकली', 'त्याने जमीन विकून टाकली' किंवा 'तो जमीन विकून बसला' असे तीन प्रकारे होऊ शकते. पहिले तटस्थ आहे, दुसऱ्यात निर्णय आहे आणि तिसऱ्यात हळहळ आहे. मूळ इंग्रजी वाक्य यांपैकी एकाची निवड करत नाही. ती भाषांतरकाराला संदर्भ पाहून करावी लागते.

मराठीने इंग्रजी जोडशब्द उसने घेतले, तरी त्यांना आपले सहायक क्रियापद जोडण्याची सवय सोडलेली नाही. 'बॅकअप घेऊन ठेव', 'लॉग आउट करून टाक', 'चेकअप करून घे' या नित्याच्या वाक्यांत 'अप' आणि 'आउट' नामाचा भाग बनून राहतात. छटा देण्याचे काम ठेवणे, टाकणे आणि घेणे हीच क्रियापदे करतात.

हिंदीशी तुलना

हिंदी व्याकरणात अशा सहायकाला 'रंजक क्रिया' म्हणतात. हिंदीत मूळ धातू प्रत्ययाविना येतो (खा डाला), मराठीत तो 'ऊन'-अंती असतो (खाऊन टाकले). हिंदीत अशा रचनांचे प्रमाण मराठीहून अधिक आहे. त्यामुळे शब्दशः भाषांतर फसवे ठरते. हिंदीतील 'मेहमान आ गए' म्हणजे पाहुणे आले. 'पाहुणे येऊन गेले' असे मराठीत म्हटल्यास पाहुणे येऊन परतही गेले, असा उलट अर्थ होतो.

कोल्हापूर-सांगली परिसरातील स्थिती

कोल्हापूर परिसरातील बोलीत सहायक क्रियापद मूळ क्रियापदात मिसळून जाण्याची प्रवृत्ती दिसते. प्रमाण मराठीतील 'गेलो होतो', 'आला होता', 'केले होते' यांची रूपे 'गेलतो', 'आलता', 'केलतं' अशी ऐकू येतात. चालू क्रियेसाठी 'काय करायलाईस?' अशी रचना आढळते. प्रमाण मराठीत याच जागी 'काय करत आहेस?' आणि वऱ्हाडीत 'काय करून राहिला?' असे म्हणतात. एकच अर्थ तीन ठिकाणी तीन साधनांनी व्यक्त होतो. यांतील कोणतेही साधन अशुद्ध नसून प्रत्येकाला आपापला नियम आहे.

हा प्रदेश कन्नड भाषेच्या सीमेला लागून आहे. कन्नड ही द्राविडी कुळातील भाषा असूनही तिच्यातील संयुक्त क्रियापदे मराठीशी जुळतात. 'माडिबिडु' (करून टाक, 'बिडु' म्हणजे सोड), 'माडिकोडु' (करून दे), 'माडिनोडु' (करून पाहा) आणि 'बरेदिडु' (लिहून ठेव) ही त्याची उदाहरणे होत. ही रचना कुळांच्या सीमा ओलांडून भारतीय उपखंडात पसरलेली आहे. मरे एमेनो यांनी १९५६ मध्ये भारत हे एक भाषिक क्षेत्र असल्याची मांडणी केली. कॉलिन मसिका यांनी १९७६ मध्ये या क्षेत्राची लक्षणे तपासताना संयुक्त क्रियापदाचाही विचार केला.

सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वेळी खेडे असलेले कुपवाड आता सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेचा भाग आहे. तेथील मराठी, कन्नड आणि उर्दू बोलींची शब्दसंपत्ती वेगवेगळी राहिली, पण वाक्यरचना बहुतांशी एकसारखी झाली, असे त्यांना आढळले. पाला कापून घेऊन आल्याचे त्यांनी दिलेले वाक्य भाषाविज्ञानात प्रसिद्ध आहे. त्यात तिन्ही बोलींमधील पदे एकाच क्रमाने येतात. ते संयुक्त क्रियापदाचे नसून धातुसाधितांच्या मालिकेचे उदाहरण आहे. पण संयुक्त क्रियापदाचा पाया असलेली 'ऊन'-अंती रचना शेजारच्या भाषांत किती समांतर आहे, हे त्यावरून दिसते.

लेखनविषयक नियम

धातुसाधित आणि सहायक क्रियापद स्वतंत्र शब्द म्हणून लिहितात. 'करून टाक', 'जाऊ दे', 'होऊ नये' ही रूपे योग्य असून 'करूनटाक', 'जाऊदे', 'होऊनये' ही रूपे चुकीची आहेत. मूळ धातूत 'व' असेल तर 'वून' लिहितात: जेवून, ठेवून, धावून, लावून. मूळ धातूत 'व' नसेल तर 'ऊन' लिहितात: जाऊन, येऊन, देऊन, धुऊन, पिऊन. म्हणून 'धुणे' या क्रियापदापासून 'धुऊन टाकले' आणि 'ठेवणे' या क्रियापदापासून 'ठेवून दिले' असे होते.

हेही पाहा

- क्रियापद
- धातुसाधित
- शब्दयोगी अव्यय
- प्रयोग (मराठी व्याकरण)
- कोल्हापुरी बोली